हेरांचा हिशेब कोण घेतो?

२७ जून २०१७ला न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे संगणक एकाएकी बंद पडले. कुठला कंटेनर कोणाचा, तो थप्पीत नेमका कुठे आहे, कुठल्या ट्रेलरवर चढवायचा, ही सगळी माहिती त्यांतच होती. ती हाताशी नाही म्हटल्यावर कागद-पेन घेऊन काम करायची पाळी आली आणि माल साचू लागला. एवढ्या मोठ्या कंटेनर बंदरातला प्रकार, म्हणून बातमी झाली. 'व्हायरस आला होता' एवढ्यावर ती संपलीही.

त्या व्हायरसचं नाव नॉटपेट्या. आठ महिन्यांनी अमेरिका आणि ब्रिटनने उघडपणे सांगितलं की हे काम रशियाच्या लष्कराचं. पुढे त्याच्या गुप्तचर संस्थेचं, जीआरयूचं नावही घेतलं गेलं. नेम होता युक्रेनवर. तिथल्या कंपन्या कराच्या हिशेबासाठी जे सॉफ्टवेअर वापरतात, त्याच्या अपडेटमध्ये हे विष कालवलं गेलं. तिथून ते मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या जगभरच्या जाळ्यात शिरलं, आणि न्हावाशेव्याचं ते टर्मिनल त्याच समूहाचं होतं. मर्स्कने आपलं नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात सांगितलं.

खरी मासलेवाईक गोष्ट मात्र पुढे आहे. नॉटपेट्या एका संगणकातून दुसऱ्यात ज्या हत्यारांनी शिरत होतं, त्यांतलं एक मुख्य हत्यार अमेरिकेच्याच एनएसए या गुप्तचर संस्थेचं होतं. विंडोजमधलं एक भगदाड या संस्थेला सापडलं. मायक्रोसॉफ्टला सांगून ते बुजवून घेण्याऐवजी तिने ते वर्षानुवर्षं स्वतःच्या हेरगिरीसाठी झाकून ठेवलं. मग तिचीच हत्यारं चोरीला गेली. मार्च २०१७मध्ये मायक्रोसॉफ्टने घाईघाईने दुरुस्ती काढली, एप्रिलमध्ये ते हत्यार इंटरनेटवर जगजाहीर झालं आणि जूनमध्ये रशियाने ते युक्रेनवर चालवलं. बनवलं एकाने, चोरलं दुसऱ्याने, वापरलं तिसऱ्याने, आणि कंटेनर अडकले उरणला.

भगदाड बुजवायचं की झाकून ठेवायचं, हा निर्णय बंद दाराआड मूठभर माणसांनी घेतला होता. त्यावरून अमेरिकेत एवढी टीका झाली, की नोव्हेंबर २०१७मध्ये असे निर्णय कसे घेतले जातात याची नियमावली तिथल्या सरकारने प्रसिद्ध केली. आपल्याकडे असा निर्णय कोण घेतं हा प्रश्न कोणाला विचारायचा, इथूनच अडचण सुरू होते.

माझं म्हणणं साधं आहे. भारताच्या गुप्तचर संस्थांना संसदेने केलेला कायदा हवा, आणि त्यांच्या कामावर निवडून आलेल्या लोकांची नजर हवी. नागरिकांच्या हक्कांसाठी तर ती हवीच, पण त्याहून जास्त या संस्थांचं मूळ काम नीट व्हावं म्हणून हवी. जिला कोणी जाब विचारत नाही ती संस्था हळूहळू आपलं काम विसरते, याचे दाखले गेल्या शंभर वर्षांत इतके आहेत की निवडायचे कुठले हीच पंचाईत.

ठाण्यात या विषयाची आवड काही कमी नाही. हेरगिरीवरचं व्याख्यान असलं की मागे उभं राहून ऐकणारे असतात. बहिर्जी नाईकांपासून सुरुवात होते, सुरतेवर येते, मग थेट रामेश्वरनाथ काव आणि १९७१. यात गैर काही नाही. सप्टेंबर १९६८मध्ये रॉ स्थापन झाली आणि तीनच वर्षांत बांगलादेशच्या लढ्यात तिने जे केलं त्याचा अभिमान वाटावा असंच ते आहे. पण प्रश्नोत्तरांची वेळ आली की प्रश्न एकाच जातीचे येतात: इस्रायलची मोसाद असं करते, आपण का नाही? रॉवर वर्षाला किती खर्च होतो आणि तो बरोबर झाला की नाही हे कोण तपासतं, असं विचारणारा श्रोता मी अजून पाहिलेला नाही. घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत पाण्याच्या टँकरच्या बिलावरून वार्षिक सभा दोन तास तुंबते, ऑडिटरचा अहवाल ओळीओळीने वाचला जातो. इथे मात्र झाकली मूठ सव्वा लाखाची.

आता थोडं मागे जाऊ. इंटेलिजन्स ब्युरो, म्हणजे आयबी, आपला जन्म १८८७चा सांगते. इंग्रजांना तेव्हा सरहद्दीपलीकडच्या रशियाची धास्ती होतीच, पण पुढची साठ वर्षं या यंत्रणेचं मुख्य काम राहिलं ते आपल्याच माणसांवर नजर ठेवण्याचं. सभेत कोण काय बोललं, कोणाच्या घरी कोण उतरलं, कोणाचं पत्र कुठून आलं. मुंबई पोलिसांच्या दप्तरातले असे कागद पुढे राज्य सरकारनेच स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासाची साधनं म्हणून छापले. खबऱ्यांचं एवढं जाळं असूनही २१ डिसेंबर १९०९ला नाशिकच्या थिएटरात अनंत कान्हेरे कलेक्टर जॅक्सनपर्यंत पोचलेच. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१०ला इथे, ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. सरकार बदललं तरी यंत्रणा तीच राहिली, आणि तिची नजरही बरीचशी आतच वळलेली राहिली. स्वातंत्र्यानंतर कधीतरी बसून हिला कायद्याने नव्याने घडवायला हवं होतं. ते झालं नाही.

म्हणजे आज परिस्थिती अशी आहे. आयबी आणि रॉ या सरकारी आदेशाने चालणाऱ्या संस्था आहेत. त्यांचे अधिकार काय, मर्यादा काय, त्या कोणाला उत्तरदायी, हे सांगणारा संसदेचा कायदा नाही. त्यांचं नाव घेणारे कायदे आहेत, तेही बघा कसे. १९८५चा एक कायदा आहे, तो या संस्थांतल्या कर्मचाऱ्यांना संघटना काढायला बंदी करतो. दुसरा माहिती अधिकाराचा, २००५चा. त्याच्या कलम २४ने यांना त्या कायद्यातून सूट दिली आहे, भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या तक्रारी तेवढ्या सोडून. कर्मचाऱ्याने काय करायचं नाही आणि नागरिकाने काय विचारायचं नाही, हे संसदेने सांगितलं. संस्थेने काय करायचं नाही, ते राहून गेलं. २०११मध्ये खासदार मनीष तिवारी यांनी यासाठी खासगी विधेयक आणलं, ते विरून गेलं. सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, ती २०१६मध्ये फेटाळली गेली.

फोन टॅपिंगकडे जरा जवळून पाहू, कारण सामान्य माणसाचा या जगाशी संबंध येण्याची शक्यता तिथेच जास्त. १९९६मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिले. आदेश गृहसचिवाने द्यायचा, तो दोन महिने चालेल, वाढवून जास्तीत जास्त सहा महिने. वर एक आढावा समिती. समितीत कोण? केंद्रात कॅबिनेट सचिव आणि इतर सचिव, राज्यात मुख्य सचिव आणि इतर सचिव. न्यायाधीश नाही, विरोधी पक्षाचा सोडाच पण सत्ताधारी पक्षाचाही लोकप्रतिनिधी नाही. एका सचिवाने दिलेला आदेश दुसरे सचिव तपासणार. बरं, तपासायचे किती? माहिती अधिकारात मिळालेलं उत्तर होतं की एकटं केंद्र सरकार महिन्याला सरासरी साडेसात ते नऊ हजार आदेश काढतं. न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या डेटा संरक्षणावरच्या समितीने २०१८च्या अहवालात याचा सरळ हिशेब मांडला: आढावा समिती दोन महिन्यांतून एकदा बसते, म्हणजे एका बैठकीत पंधरा ते अठरा हजार आदेश. हे श्रीकृष्ण म्हणजे मुंबईच्या दंगलींच्या चौकशीचे, वायफळ बोलणारा माणूस नव्हे. गुप्तचर संस्थांसाठी वेगळा कायदा आणि देखरेख हवी, असं त्यांच्याच समितीने लिहून ठेवलं आहे. २०२३मध्ये नवा दूरसंचार कायदा आला, २०२४च्या अखेरीस नवे नियम आले. समितीतली माणसं पुन्हा सचिवच.

एवढ्या गर्दीत एखादा नंबर भलत्याच नावाने सरकवणं किती सोपं असेल? जुलै २०२१मध्ये काँग्रेसचे नाना पटोले यांनी विधानसभेत सांगितलं की त्यांचा फोन 'अमजद खान' या नावाने टॅप केला गेला. गदारोळ झाला, गुन्हे नोंदले गेले, पुढे न्यायालयात ते टिकले नाहीत. त्यात कोण खरं कोण खोटं यात मी पडत नाही. पण एक सांगा, हा आरोप ज्या पक्षाने केला तो पक्ष सत्तेत असतानाही नियम का बदलले नाहीत? उत्तर सगळ्यांना माहीत आहे. यंत्र आपल्या हातात आलं की त्याची तक्रार कोणाला नसते. या हव्यासाची फळं आपल्या राजकारण्यांनी भोगलेली आहेत, तरीही. १९८८मध्ये कर्नाटकात रामकृष्ण हेगडे यांचं मुख्यमंत्रिपद फोन टॅपिंगच्या आरोपावरून गेलं. १९९१मध्ये राजीव गांधींच्या घराबाहेर हरियाणा पोलिसांचे दोन शिपाई टेहळणी करताना सापडले आणि चंद्रशेखर यांचं सरकार पडलं. दोन शिपायांनी पाडलेलं केंद्र सरकार जगात दुसरं असेल असं वाटत नाही.

यावर नेहमी एक उत्तर मिळतं: असतील थोड्या चुका, पण देश तर सुरक्षित राहतो ना? राहतो का, ते पाहू.

घोडबंदर रोडला नागला बंदर आहे. आज तिथे खाडीकाठी टॉवर उभे आहेत आणि 'क्रीक व्ह्यू'चे वेगळे पैसे पडतात. १९९३च्या बॉम्बस्फोटांनंतर त्याच खाडीत आरडीएक्सचा मोठा साठा सापडला होता. माल उतरला होता रायगडच्या किनाऱ्यावर, शेखाडीला. ट्रकमधून रस्त्याने आला, आणि वाटेतले सरकारी हात ओले झाले होते, हे न्यायालयात सिद्ध झालं. २५७ माणसं गेली. पंधरा वर्षांनी पुन्हा समुद्रमार्गेच दहा जण आले. या वेळी माहिती नव्हती असं अजिबात नाही. समुद्रातून हल्ला होऊ शकतो असे इशारे आलेले होते. ताज हॉटेललाही इशारा मिळाला होता, बंदोबस्त वाढवला होता आणि मग तो सैलावला, हे खुद्द रतन टाटांनी सांगितलं. कफ परेडच्या किनाऱ्यावर कोळ्यांनी त्या पोरांना हटकलंसुद्धा. प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता. ते जुळवायचं काम ज्यांचं, त्यांनी ते केलं नाही.

कारगिलची गोष्ट हीच, फक्त उंचावर. के. सुब्रह्मण्यम समितीच्या अहवालात नोंद आहे की जून १९९८मध्ये आयबीने नियंत्रण रेषेपलीकडच्या हालचालींचा अहवाल थेट पंतप्रधान आणि गृहमंत्र्यांपर्यंत पाठवला होता. तो रॉच्या प्रमुखांना आणि संयुक्त गुप्तवार्ता समितीला मात्र पाठवला गेला नाही. असे अहवाल एकत्र करून अर्थ लावायची जबाबदारी ज्यांची, नेमके तेच वगळले गेले. पुढच्या उन्हाळ्यात पाचशेहून अधिक जवान कामी आले. समिती नेमली म्हणून आपल्याला हे निदान कळलं. त्या अहवालाचेही काही भाग झाकूनच संसदेत ठेवले गेले. १९६२च्या पराभवावरचा हेंडरसन-ब्रूक्स अहवाल तर सरकारने आजतागायत अधिकृतपणे उघड केलेला नाही. साठ वर्षांपूर्वीच्या चुकीतून चीनला आज काय नवं कळणार आहे? लपतं आहे ते फक्त आपल्यापासून.

माहिती गोळा करणं आणि माहिती असणं यांत केवढं अंतर असतं, ते पूर्व जर्मनीने दाखवून दिलं. दीड-पावणेदोन कोटींच्या देशात स्टासी या तिथल्या गुप्तचर पोलिसांचे ९१ हजारांच्या आसपास पगारी नोकर आणि पावणेदोन लाखांच्या घरात खबरे. नवरा बायकोची खबर देत होता. तिचं दप्तर आज मांडणीवर शंभर किलोमीटरहून लांब भरतं. आणि १९८९च्या हिवाळ्यात पायाखालची जमीन सरकली तेव्हा एवढ्या दप्तराचा उपयोग शून्य झाला. वरच्यांना नको ते सांगायचं नाही ही तिथली रीत होती, मग एवढे कान लावून करायचं काय? स्टालिनला तर टोकियोतून त्याच्याच रिचर्ड सोर्ग या हेराने जर्मन हल्ल्याची आगाऊ खबर दिली होती. त्याने ती उडवून लावली. मालकाला आवडेल तेच पुढे सरकतं, हा गुप्तचर संस्थांचा जुना रोग. इराकमधल्या संहारक अस्त्रांची कथा हा त्याचाच मोठा झटका. 'कर्व्हबॉल' नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका भामट्या खबऱ्याच्या थापांवर २००३चं युद्ध निम्मं उभं होतं. कौटिल्याने तीन हेरांचं म्हणणं जुळलं तरच विश्वास ठेवा असं बजावलं होतं. वॉशिंग्टनला एक पुरला.

आपल्याकडे तर एकही नसताना भागलं. १९९४चं इस्रो प्रकरण आठवा. क्रायोजेनिक इंजिनावर काम करणारे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना केरळ पोलिसांनी हेर म्हणून पकडलं, आयबीच्या अधिकाऱ्यांनी त्यांची चौकशी केली. पन्नास दिवस ते तुरुंगात होते. १९९६मध्ये सीबीआयने सांगितलं की प्रकरणात काहीच तथ्य नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये त्यांना पन्नास लाखांची भरपाई दिली, तेव्हा ते ७६ वर्षांचे होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि इथे तर चोरीच झालेली नव्हती. दुसऱ्या बाजूला रॉमध्येच बसलेला रविंदर सिंग हा अधिकारी अमेरिकेसाठी काम करत होता. संशय आलेला, पाळत ठेवलेली, आणि मे २००४मध्ये तो नेपाळमार्गे पळून गेला. संसदेत कोणत्या समितीने याची जबाबदारी ठरवली? अशी समितीच नाही.

धोका खरा आहे, हे मला कोणी सांगायला नको. युद्धनौकांची माहिती पाकिस्तानी हस्तकांना दिल्याच्या आरोपावरून ठाण्याच्या एटीएसने गेल्या काही वर्षांत तरुणांना अटक केली आहे. फेसबुकवर एखाद्या मुलीच्या नावाने ओळख, मग गोड बोलणं, मग एखादा फोटो मागणं, अशी ती पद्धत. आरोप अजून सिद्ध व्हायचेत, पण ही पद्धत खोटी नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावर ऐरोलीपासून महापेपर्यंत जिथे केमिकलच्या कंपन्या होत्या तिथे आता खिडक्या नसलेली डेटा सेंटर उभी राहिली आहेत. आपले बँकेचे व्यवहार, दवाखान्याचे रिपोर्ट, पोरांचे फोटो, काय काय त्या इमारतींत असेल. परक्या हेरांना त्यात रस असणारच. तेव्हा गुप्तचर संस्था नकोत असं म्हणणाऱ्याला मी वेडा म्हणेन. पण त्याच इमारतींतल्या माहितीवर आपल्या सरकारचा हात किती लांब पोचतो, याचीही चौकट हवी. पेगासस या इस्रायली हेरगिरी सॉफ्टवेअरने फोन फोडल्याचा आरोप झाला, त्या वेळी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने २९ फोन तपासले, पाचांत काहीतरी घातक सॉफ्टवेअर सापडलं, ते पेगाससच आहे असं ठामपणे सांगता आलं नाही, आणि केंद्र सरकारने सहकार्य केलं नाही असं न्यायालयातच नोंदलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाला जिथे उत्तर मिळत नाही तिथे तुम्ही-आम्ही कोण?

'खासदारांना सांगितलं की दुसऱ्या दिवशी पेपरात येईल' ही भीती आहे, आणि आपल्या काही खासदारांची मुखं पाहता ती अगदीच निराधार नाही. पण ब्रिटनकडे पाहा. परदेशात हेरगिरी करणारी एमआय-६ अस्तित्वात आहे हेच त्यांचं सरकार १९९२पर्यंत कबूल करत नव्हतं. १९८९ आणि १९९४मध्ये त्यांनी कायदे केले, संसदेची समिती बसवली, २०१६च्या कायद्याने टॅपिंगच्या मंत्र्याच्या आदेशावर न्यायिक आयुक्ताचीही सही लागते. एमआय-६ बुडाली नाही. अमेरिकेत १९७५-७६मध्ये सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने एफबीआय मार्टिन ल्यूथर किंग यांच्या मागे कशी लागली होती, सीआयए लोकांची पत्रं कशी फोडत होती, हे सगळं चव्हाट्यावर आणलं, आणि त्यातून कायमच्या समित्या आल्या. या समित्या म्हणजे रामबाण नव्हे. इराकच्या थापा त्यांनी रोखल्या नाहीत, एनएसएची लोकांवरची जी पाळत एडवर्ड स्नोडेनने २०१३मध्ये बाहेर काढली तीही त्यांच्या नाकाखाली चालू होती. पण इराकबाबत गुप्तचर यंत्रणांचं कुठे चुकलं, याचा अहवाल तिथल्या सिनेटच्या समितीने २००४मध्ये, म्हणजे युद्ध सुरू झाल्यावर दीड वर्षाच्या आत काढला. आपण १९६२चा झाकून बसलोय.

दिल्लीचं दिल्ली बघेल, महाराष्ट्राला सुरुवात करायला कोणी अडवलेलं नाही. राज्य गुप्तवार्ता विभाग राज्याचा, राज्यातले टॅपिंगचे आदेश राज्याच्या गृह विभागाचे. नावं नकोत, नंबर नकोत. वर्षभरात किती आदेश निघाले, किती वाढवले, आढावा समितीने किती रद्द केले आणि किती वेळा बसली, हे चार आकडे दर अर्थसंकल्पी अधिवेशनात सभागृहापुढे ठेवायचे. समितीत एक निवृत्त न्यायाधीश घ्यायचा. ठाणे आणि नवी मुंबईत सत्तेतले आणि विरोधातले, मंत्री झालेले आणि होऊ पाहणारे, असे सगळ्या रंगांचे आमदार आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना आपला फोन ऐकला जातो असं खासगीत वाटतं. मग हा प्रश्न सभागृहात त्यांनीच विचारावा. 'गेल्या वर्षी आढावा समितीने किती आदेश रद्द केले?' एवढंच.